इन्सुलिन घेणाऱ्यांना बिब (धावपटूचा छातीवरचा क्रमांक) नाकारणाऱ्या मॅरेथॉन संयोजकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन आणि दहा किलोमीटर स्पर्धांचे संयोजक, शर्यत संचालक व वैद्यकीय प्रमुख यांस

विषय : इन्सुलिन घेणाऱ्या धावपटूंची नोंदणी सरसकट रद्द करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एका संयोजकांचा ईमेल आला. ‘आपण अर्जात इन्सुलिन घेत असल्याचे नमूद केले आहे. सुरक्षेच्या कारणास्तव आपला प्रवेश रद्द करण्यात येत आहे. नियमानुसार शुल्क परत मिळणार नाही.’ खाली कुणाची सही नव्हती, एक फोन नंबर होता. लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “मॅडम, वरूनच आलंय, मी काय करू? तुम्ही असं करा ना, पाच किलोमीटरच्या फन रनला या. तिथं आम्ही काही विचारत नाही.” मग आवाज जरा खाली आणून, “नाहीतर पुढच्या वर्षी तो रकाना रिकामाच सोडा.”

त्या मुलावर माझा राग नाही. उलट तुमच्या नियमाचा खरा अर्थ त्यानेच मला नीट सांगितला. खरं लिहिलं तर बाहेर, लपवलं तर आत. एवढंच त्या नियमाचं काम आहे, आणि त्यासाठीच हे पत्र उघडपणे लिहिते आहे. स्पर्धेचं नाव मुद्दाम देत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे वागतात, आणि असे रकाने मी एकाहून जास्त अर्जांत पाहिले आहेत.

माझी ओळख थोडक्यात. मी सांगलीची. टाइप १ मधुमेह अकरावीत असताना निदान झाला, म्हणजे माझं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही. तेव्हापासून इन्सुलिन बाहेरून घेते, ते आयुष्यभर घ्यायचं आहे. धावायला लागले ते लग्नानंतर, धाकट्याला शाळेत सोडायला लागल्यावर. हरिपूर रोडला, चिंचांच्या सावलीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून धावताना मळीचा वास येतो आणि कुणीतरी हमखास ओरडतं, “ताई, ऊस खाऊ नका हं, शुगर वाढंल!” साखर कारखान्यांच्या मुलखात मधुमेह घेऊन धावायचं म्हणजे अशी चेष्टा सोसावी लागते. तिचं मला काही वाटत नाही. तुमच्या ईमेलचं वाटलं.

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत आढळलं. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या सगळ्यांना डॉक्टर एकच गोष्ट सांगतात, चाला, पळा, घाम गाळा. तुमच्याही बॅनरवर तेच असतं. ज्या स्पर्धेने मला नाकारलं तिच्या यंदाच्या टी-शर्टवर मधुमेहाला पळवून लावण्याची घोषणा छापली आहे. मधुमेहाला पळवायचं आणि मधुमेह असलेल्याला पळू द्यायचं नाही, हे तुमच्या समितीत कुणाला खटकलं नाही का?

आता एकेक तक्रार मांडते. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, हे मलाही कळतं.

पहिली तक्रार नियमाबद्दलच. तुमच्या अर्जात ‘हृदयविकार, फिट्स, मधुमेह (इन्सुलिन)’ असा एकच चौकोन आहे. टिक केली की बाद. हा चौकोन ज्याने बनवला त्याला मधुमेहात धोका नेमका कुठे असतो ते ठाऊक नसावं. माझ्यासारखी इन्सुलिन घेणारी धावताना शुगर लो होऊन, म्हणजे रक्तातली साखर फार घसरून, पडू शकते, हे खरं. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे काका इन्सुलिन घेत नाहीत म्हणून तुमच्या चौकोनातून अलगद सुटतात, आणि लो त्यांचीही होते. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवलाय की धावतोय हे ती बघत नाही. उलट नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर त्या गोळीमुळे सहसा धोकादायक खाली जात नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्यांची काळजी निराळीच. ती लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकते, उन्हात शरीर कोरडं पडलं तर शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू शकतात. चार माणसं, चार औषधं, चार वेगळे धोके. तुमचा चौकोन त्यांतल्या एकाला पकडतो आणि तिघांना शुभेच्छा देतो.

आणि पकडतो तरी कुणाला? ज्याने खरं लिहिलं त्याला. आमच्या धावण्याच्या गटात इन्सुलिन घेणारे इतरही आहेत. ते बिनधास्त तो चौकोन रिकामा सोडतात, बिब घेतात, धावतात. त्यांना मी दोष देणार नाही. पण विचार करा, त्यांच्यातलं कुणी सतराव्या किलोमीटरला भेलकांडलं तर तुमच्या रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या हातात काय आहे? बिबच्या मागे रक्तगट आहे, घरच्यांचा नंबर आहे, मधुमेहाचा उल्लेख नाही. तुमच्या नोंदींनुसार या स्पर्धेत इन्सुलिन घेणारं कुणी नाहीच. या नियमाने मधुमेही धावपटू रस्त्यावरून कमी झालेले नाहीत. त्यांची माहिती तेवढी तुमच्या कागदांवरून कमी झाली आहे.

माझं शरीर धावताना काय करतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या तक्रारी कळतील. ज्याला मधुमेह नाही तो धावायला लागला की त्याचं इन्सुलिन आपोआप कमी होतं आणि यकृत साठवलेली साखर सोडू लागतं. माझ्यात तसं होत नाही. टोचून घेतलेलं इन्सुलिन म्हणजे चावी नसलेला नळ, एकदा सुटला की त्याच्या वेळेनेच बंद होणार. त्यातून धावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. म्हणून शर्यतीच्या सकाळी मी डोस कमी करते, तो मांडीत न घेता पोटावर घेते (धावत्या मांडीतून इन्सुलिन लवकर शोषलं जातं), शुगर १३० ते १८० च्या दरम्यान असेल असं बघते, आणि वाटेत दर थोड्या अंतरावर ग्लुकोज घेत राहते. ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. २५० च्या वर असेल तर कीटोन तपासते. ते असतील तर बूट काढून घरी. हे माझं शास्त्र नाही. मधुमेही खेळाडूंसाठी डॉक्टरांनी आखून दिलेल्या मार्गदर्शक आकड्यांवरून, माझ्या डॉक्टरांसोबत बसवलेलं आहे. रात्री झोपतानाही हिशोब संपत नाही, कारण लांब पळाल्यानंतर शुगर चोवीस तासांपर्यंत केव्हाही घसरू शकते, बहुतेकदा झोपेत.

आता दुसरी तक्रार, आणि हिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. पाउच आणि फोन.

तुमच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं : ‘स्टार्टिंग एरियात बॅग, पाउच, बाहेरील खाद्यपदार्थ व मोबाइल नेण्यास मनाई.’ कारण सुरक्षा. माझ्या कमरेच्या पाउचमध्ये काय असतं ते ऐका : ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स, सुई, ग्लुकोज पावडरच्या पुड्या, लिमलेटच्या गोळ्या, आणि आजार लिहिलेलं एक लॅमिनेट केलेलं कार्ड. दंडावर सेन्सर असतो, तो दर काही मिनिटांनी माझी शुगर मोजतो आणि आकडा फोनवर पाठवतो. फोन काढून घेतला की दंडावर नुसतं एक बटण उरतं. आणि सेन्सर असला तरी मीटर लागतोच. सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तो आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर वेगाने घसरत असताना फोनवर ९० दिसतं तेव्हा रक्तात ७० च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी बोट टोचून बघितल्याशिवाय खात्री होत नाही.

मागच्या एका स्पर्धेत गेटवरच्या सुरक्षारक्षकाने माझ्या ग्लुकोजच्या पुड्या बाजूला काढल्या. पांढरी पावडर, पारदर्शक पिशवी. त्याचंही मी समजू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, मीटर दाखवला. तो म्हणाला, “आत सगळं मिळतंय की मॅडम.” मागे रांग वाढत होती, लोक घड्याळ बघत होते. शेवटी एका पेसरने (ठरलेल्या वेगाने धावून बाकीच्यांना साथ देणाऱ्याने) मध्ये पडून “माझ्या जबाबदारीवर सोडा” म्हटलं तेव्हा पुड्या परत मिळाल्या. माझं औषध माझ्याजवळ राहावं म्हणून मला अनोळखी माणसाची जबाबदारी का लागावी? इन्सुलिन सोडणारा पंप लावणाऱ्यांचे हाल याहून वाईट. पोटाला चिकटलेलं यंत्र आणि त्याची नळी बघून “हे काय आहे, काढा” असं त्यांना भर गर्दीत सांगितलं जातं.

तिसरी तक्रार, ‘आत सगळं मिळतंय’ याबद्दल. काय मिळतं ते बघू. पाणी मिळतं, मिठाच्या चिमटीसकट संत्र्याच्या फोडी मिळतात, केळी मिळतात, आणि अलीकडे प्रायोजकाचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांचं पेय, मिळतं. या इलेक्ट्रोलाइटपैकी बरीच हल्ली साखरविरहित असतात. चव गोड, साखर शून्य. ज्याची शुगर ५५ ला आली आहे त्याने असे दोन ग्लास गटागटा प्यायले तर पोट भरेल, शुगर जागची हलणार नाही, आणि ‘आपण गोड घेतलंय’ या समजुतीत तो आणखी एक किलोमीटर धावेल. ग्लास हातात देणाऱ्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, “यात साखर आहे का?” तर ती कौतुकाने सांगते, “नाही नाही ताई, शुगर-फ्री आहे, काळजी करू नका!” केळंही अशा वेळी हळू काम करतं, चिक्की आणि चॉकलेट त्याहून हळू, कारण स्निग्ध पदार्थ साखरेला पोटात रोखून धरतात. लो झालेल्याला पंधरा-वीस ग्रॅम साधी साखर किंवा ग्लुकोज लागतं, साधारण तीन-चार चमचे. स्पर्धेच्या खर्चात ते कुठे दिसणारही नाही.

आणि ही केवळ आमचीच गरज आहे असं समजू नका. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी तिथल्या डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. धडधाकट, मधुमेह नसलेले लोक होते ते. त्यांतल्या काहींची शुगर बरीच खाली गेलेली होती, आणि हेच लोक थकून गळाले होते, फिकट पडले होते, गोंधळलेले होते. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, त्याच शर्यतीत धावताना गोळ्या-चॉकलेटं खायला दिली, तर शुगरही टिकली आणि माणसंही ताजी राहिली. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोला. म्हणजे इन्सुलिन आणि धावपटूच्या हातातली साखर या दोन्ही गोष्टी जगाला जवळजवळ एकदमच कळल्या. शंभर वर्षं झाली. आपल्या एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर, मात्र उशिरा येणाऱ्यांना अजून रिकामे खोके आणि सालींचा ढीगच मिळतो. माझ्या वेगाने धावणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे, मधुमेह असो वा नसो.

चौथी तक्रार माझ्या मते सगळ्यांत गंभीर. तुमच्या स्वयंसेवकांना आणि काही ठिकाणी वैद्यकीय तंबूतल्या माणसांनाही हे माहीत नसतं की मधुमेह असलेल्यालाच कधी कधी तातडीने साखर द्यावी लागते. आमच्या गटातले एक काका, गोळ्यांवरचे, एका शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला थरथरायला लागले. बोलणं अडखळत होतं. स्वतःच म्हणाले, “शुगर आहे मला, काहीतरी गोड द्या.” तंबूतला माणूस त्यांच्यावर खेकसला, “शुगर आहे आणि गोड मागताय?” आणि त्यांना साधं पाणी देऊन बसवून ठेवलं. तिथे मीटर नव्हता. स्प्रे होता, क्रेप बँडेज होतं, दोन फिजिओथेरपिस्ट होते. मागून आलेल्या एका बाईने पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या तोंडात रिकामी केली तेव्हा दहा मिनिटांत काका माणसात आले.

लो झालेला माणूस कसा दिसतो ते लक्षात घ्या. घामाघूम, थरथरणारा, चिडचिडा, पाय वेडेवाकडे टाकणारा, कधी कधी दारू प्यायल्यासारखा बरळणारा. एकविसाव्या किलोमीटरला तुमचे निम्मेअधिक धावपटू असेच दिसतात. कुणाला ऊन लागलंय, कुणाचं पाणी कमी झालंय आणि कुणाची शुगर ५० पर्यंत घसरली आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. एक थेंब रक्त आणि काही सेकंद लागतात. साधा मीटर आज एका जोडी बुटांच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. तो प्रत्येक तंबूत का नसावा, याचं एक तरी कारण मला सांगा.

पाचवी तक्रार वेळेची. हसू नका. आपल्याकडे शर्यत सहाला म्हणतात आणि सुटते प्रमुख पाहुणे आल्यावर. तोवर झुंबा, मग दीपप्रज्वलन, मग प्रायोजकांचे सत्कार, मग फुगे, मग आमदारसाहेब दोन शब्द बोलतात. तुम्हाला ती चाळीस मिनिटं वाटतात. माझं साडेचारला खाल्लेलं आणि त्या हिशोबाने कमी केलेलं इन्सुलिन तेवढ्या वेळात उलटं पडतं. सुरुवातीच्या धडधडीने, गर्दीने, अॅड्रेनॅलिनने शुगर आधी वर जाते, मग ताटकळत उभं राहून भलतीकडेच जाते, आणि पहिल्या तीन किलोमीटरांतच सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. वर ऊन चाळीस मिनिटांनी पुढे सरकतं, ते तर सगळ्यांच्याच वाट्याला. सत्कार शर्यत सुटल्यावर करा. आम्ही परत येईपर्यंत पाहुण्यांना भरपूर वेळ असतो.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राबद्दल फार लिहीत नाही. ते मागायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या छापील मजकुराला. ‘सदर व्यक्तीस मधुमेह, हृदयविकार इ. कोणताही विकार नाही’ असं वाक्य आधीच छापून ठेवलं तर कुठला प्रामाणिक डॉक्टर माझ्यासाठी त्याखाली सही करेल? माझे डॉक्टर माझी औषधं, गेल्या तीन महिन्यांची शुगरची सरासरी, हृदयाची तपासणी आणि शर्यतीच्या दिवशीची योजना असं सगळं लिहून द्यायला तयार आहेत. ते वाचायला तुमच्याकडे कुणी नाही.

तुमची भीती मला कळते. शर्यतीत माणूस गेला की पेपरात तुमचं नाव येतं, पोलिसांची परवानगी पुढच्या वर्षी अडते, प्रायोजक पाठ फिरवतो. पण त्या भीतीचंही मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमधल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला. हृदय बंद पडण्याचे ५९ प्रसंग घडले, त्यांत ४२ जण गेले. जिथे कारण कळलं तिथे ते मुख्यतः हृदयाचेच विकार होते, आणि बऱ्याच जणांना आपल्याला असं काही आहे हे आधी ठाऊकच नसावं. मधुमेह बरीच वर्षं असलेल्याचं हृदय तपासून घ्यायला हवं, हे मी नाकारत नाही, उलट मागते. चाळिशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या धावपटूकडे हृदयतपासणीचा अहवाल मागा, जरूर मागा. पण तपासायचं कुणाला हे ठरवणं वेगळं आणि दारातूनच परत पाठवणं वेगळं.

खेळाच्या जगाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. वसीम अक्रमला १९९७ च्या सुमारास टाइप १ निदान झाला. त्यानंतरही तो वेगवान गोलंदाजी करत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला, इन्सुलिन टोचून घेतच. ब्रिटनचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही १९९७ मध्येच मधुमेह निदान झाला. २००० साली सिडनीत त्याने सलग पाचवं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनिअर १९९९ ला टाइप १ निदान होऊनही सिडनी आणि अथेन्स, दोन्हीकडे ५० मीटरमध्ये सुवर्णपदक घेऊन गेला. इन्सुलिन हे उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीत बंदी असलेलं औषध आहे, तरी मधुमेही खेळाडूला ते वापरायची रीतसर वैद्यकीय सूट मिळते. ज्यांच्या हातात पदकं आहेत ते ऑलिंपिकवाले कागद तपासून आम्हाला आत घेतात. तुमच्याकडे तर सगळ्यांना एकाच साच्यातलं पदक मिळतं, तरी आम्ही बाहेर.

एक गोष्ट स्वच्छ सांगते. मला सवलत नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मधुमेह नाही, तेव्हा कायद्याचं कलम दाखवून मी तुमच्या दारात उभी नाही. वेगळी रांग नको, वेगळं पदक नको, कटऑफमध्ये, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीत, दहा मिनिटं जास्त नकोत. ‘शुगर असूनही धावली’ असं मायकवरून सांगू तर अजिबात नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

अर्जातला तो चौकोन काढा. त्याजागी विचारा : मधुमेह कोणत्या प्रकारचा, कोणती औषधं, सेन्सर किंवा पंप आहे का, लो झाल्यावर काय द्यायचं. उत्तर वैद्यकीय पथकापर्यंत जाऊ द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. ज्याची संमती असेल त्याच्या बिबच्या मागे ठळक अक्षरांत तसं लिहा. आणि सरसकट नाही म्हणण्याआधी तुमच्या वैद्यकीय प्रमुखांनी त्या धावपटूशी निदान एकदा बोलावं.

मीटर, सेन्सरचा फोन, इन्सुलिन पेन, पंप आणि ग्लुकोज असलेला छोटा पाउच औषध म्हणून मान्य करा. सूचनापत्रात तसं छापा आणि गेटवरच्या एजन्सीला आदल्या दिवशी सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी आम्ही सोबत ठेवू.

प्रत्येक एड स्टेशनवर खरी साखर ठेवा. ग्लुकोज पावडर, साखरेच्या पुड्या, काहीही. साखरविरहित पेयाच्या टेबलावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘यात साखर नाही’ असा फलक लावा. शेवटच्या धावपटूपर्यंत पुरेल एवढा साठा ठेवा.

प्रत्येक वैद्यकीय तंबूत आणि रुग्णवाहिकेत ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स आणि शिरेतून देण्यासाठी २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) ठेवा. भेलकांडणाऱ्या प्रत्येक धावपटूची शुगर तपासायची, त्याने मधुमेह सांगितला असो वा नसो. स्वयंसेवकांना दोन वाक्यं पाठ करून घ्या : शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर आधी साखर द्या, प्रश्न नंतर, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

शर्यत छापलेल्या वेळेला सोडा.

ज्यांची नोंदणी यंदा या एका कारणाने रद्द केली त्यांना प्रवेश परत द्या. ते जमत नसेल तर पैसे परत करा. शुल्क न देण्याचा नियम स्वतःहून माघार घेणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही बाहेर काढलेल्यांसाठी नाही.

याच्या बदल्यात आमच्या बाजूने काय? सुरुवातीच्या तंबूत येऊन आम्ही आमची शुगर दाखवू, नोंद करा. ती हद्दीबाहेर असेल तर आम्ही सुरुवातीच्या रेषेवर उभे राहणार नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी थांबवलं तर वाद घालणार नाही. स्वतःची साखर स्वतः बाळगू. हे सगळं लिहून सही करून द्यायला मी तयार आहे, आमच्या गटातल्या, आत्तापर्यंत रकाना रिकामा सोडणाऱ्या मंडळींनीही तशी तयारी दाखवली आहे. तुम्ही नियम बदललात तर पहिल्यांदाच ते खरं लिहितील. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला कुणी हवं असेल तर रविवार सोडून कधीही सांगा, मीटर घेऊन येते. रविवारी माझा लाँग रन असतो.

पुढच्या हंगामाची नोंदणी बहुतेक ठिकाणी पावसाळ्यात सुरू होते. त्याआधी लेखी उत्तर मिळावं ही विनंती. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालेल, पण त्याखाली वैद्यकीय प्रमुखांचं नाव, सही आणि कारण असावं. ‘वरून आलंय’ हे कारण मी धरणार नाही.

कळावे,

आपली,
टाइप १ मधुमेह असलेली एक धावपटू
सांगली

प्रत माहितीसाठी : जिल्हा क्रीडा अधिकारी, स्पर्धांना परवानगी देणाऱ्या महानगरपालिका व नगरपालिका, इलेक्ट्रोलाइटचे प्रायोजक, आणि राज्यातले सगळे रनिंग ग्रुप